'संमती' हा शब्द तळटीपेत कसा गेला

२०३० पर्यंत जगातली ३० टक्के जमीन आणि समुद्र संरक्षित करायचं टार्गेट डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जैवविविधतेच्या जागतिक परिषदेत ठरलं, तेव्हापासून त्यावर चर्चा निघाली की गाडी एकाच ठिकाणी अडते, तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासी समाजांची संमती घ्यायची की नुसतं विचारायचं. हा शब्द वाटेत कसकसा बदलत गेला ते बघितलं की आजचं भांडण कळतं.

फार मागे जात नाही. १८७२ ला यलोस्टोन पार्क झालं, माणूस नसेल तेच खरं जंगल ही कल्पना तिथून जगभर गेली आणि पिढ्यानपिढ्या तिथे शिकार करणारे, गवत नवं यावं म्हणून मुद्दाम आग लावणारे लोक घुसखोर ठरले, हे बहुतेकांना माहीत आहे. १९५७ चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (ILO) आदिवासींबद्दलचा पहिला आंतरराष्ट्रीय करार पण त्यांना बाकीच्या समाजात मिसळून टाकायच्या भाषेतलाच होता.

खरा पेच त्याच संघटनेच्या १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारापासून. त्यात म्हटलंय, सल्लामसलत करा, आणि ती सहमती किंवा संमती मिळवायच्या उद्देशाने करा. मग लोक नाही म्हणाले तर काय, यावर काहीच नाही. विस्थापनासाठी संमती हवी असं स्पष्ट लिहिलंय खरं, पण त्याच कलमात पुढे पळवाट, संमती मिळत नसेल तर कायद्याने ठरलेली प्रक्रिया पूर्ण करून हलवता येतं. १९९२ च्या जैवविविधता करारात 'मान्यता आणि सहभाग' असे शब्द आले, तेही पारंपरिक ज्ञान वापरण्यापुरते, जमिनीसाठी नाहीत, आणि तेसुद्धा देशाच्या कायद्याच्या अधीन राहून.

मग १३ सप्टेंबर २००७ चा संयुक्त राष्ट्रांचा आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा. १४४ देश बाजूने, ४ विरोधात (अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, या चौघांनी नंतर पाठिंबा दिला). यात विस्थापनाबद्दल पळवाट ठेवली नाही, मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय (म्हणजे दबाव न टाकता, आधीच आणि सगळी माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय) कुणालाही हलवायचं नाही, विषय संपला. पण जमिनीवरच्या प्रोजेक्टसाठी परत 'संमती मिळवण्यासाठी सल्लामसलत' असं आलं, आणि तेव्हापासून सरकारं म्हणतात मिळवायचा प्रयत्न केला म्हणजे झालं, लोक म्हणतात नाही मिळाली तर थांबायचं. माझ्या मते लोकांचं बरोबर आहे, नकार देता येत नसेल तर त्याला संमती म्हणायचंच कशाला.

२०१६ ला मेक्सिकोत कॅनकूनमध्ये जैवविविधता कराराच्या बैठकीत जे झालं त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. पारंपरिक ज्ञानाबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांत तीन शब्दप्रयोग शेजारी शेजारी ठेवले, 'पूर्व आणि माहितीपूर्ण संमती', 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती' किंवा 'मान्यता आणि सहभाग', आणि कुठला लागू ते देशाच्या परिस्थितीवर सोडलं. एका 'किंवा'ने किती फरक पडतो बघा, पहिल्यातून 'मुक्त' गेलं आणि तिसऱ्यात तर संमती हा शब्दच नाही! २०२२ च्या मॉन्ट्रियलच्या आराखड्यात वर संमती लिहिली आणि तळटीपेत हेच त्रिकूट घातलं. त्यातल्या २३ टार्गेटांत संमतीची अट आहे ती २१ व्यात, म्हणजे परत ज्ञानापुरतीच. ज्यातून नवीन संरक्षित क्षेत्रं निघणार त्या तिसऱ्या टार्गेटमध्ये पारंपरिक भूभागावरच्या हक्कांचा आदर करा एवढंच आहे. हे भूभाग संरक्षित क्षेत्रांपेक्षा वेगळा प्रकार म्हणून मोजायचे का हा वाद पण तेव्हा मिटला नाही, 'जिथे लागू असेल तिथे' असं घालून पुढे गेले.

कागदावरचं हे किती महागात पडतं ते केनियात दिसतं. बोगोरिया सरोवराभोवतीच्या एन्डोरोइस लोकांना १९७० च्या दशकात वन्यजीव राखीव क्षेत्रासाठी हटवलं, निकाल त्यांच्या बाजूने लागायला २०१० उजाडलं. माऊ जंगलातल्या ओगिएक लोकांना २००९ मध्ये ३० दिवसांची नोटीस मिळाली, २०१७ ला आफ्रिकेच्या पातळीवरच्या कोर्टाने सांगितलं की जंगल वाचवायचं हे कारण त्यांना काढायला पुरेसं नाही, २०२२ ला जमिनीचा सामूहिक हक्क आणि भरपाई द्या म्हणून आदेश झाला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये माऊमध्ये परत घरं पाडली गेली.

रिस्टोरेशनचं, म्हणजे खराब झालेला निसर्ग परत उभा करायचं, तर याहून वाईट. युगांडात माउंट एल्गॉनवर १९९० च्या दशकात हवेतला कार्बन शोषून घ्यायला म्हणून पार्कच्या हद्दीत झाडं लावली, ती पण जिथून लोकांना बाहेर काढलं होतं आणि जमिनीचा वाद मिटला नव्हता अशा ठिकाणी, पुढे लोकांनी ती तोडून तिथे पिकं घेतली. असं होऊन गेल्यावरही, खराब झालेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के भागावर २०३० पर्यंत रिस्टोरेशन चालू हवं असं सांगणाऱ्या मॉन्ट्रियलच्या दुसऱ्या टार्गेटमध्ये आदिवासी समाजांचा उल्लेखसुद्धा नाही.