वॉर्निंग बंद केली आणि सात कोर बसून राहिले

परवा भाचा लॅपटॉप घेऊन टिळकवाडीला आमच्या घरी आला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणाला मामा, आठ कोर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करू शकणारे भाग) असून प्रोग्राम एका कोरएवढाच वेळ खातोय, जरा बघा की. खानापूर तालुक्यातल्या पावसाच्या आकड्यांचा प्रोजेक्ट, सी भाषेत लिहिलेला, ओपनएमपी (काम अनेक कोरवर वाटायची सोय) लावून.

ओपनएमपीत लूपच्या डोक्यावर प्राग्माची (कंपायलरला सूचना देणारी) एक ओळ टाकायची, की कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, लूपचं काम सगळ्या कोरना वाटून देतो. येळ्ळूरच्या शिवारात रोप लावणीला बायका ओळीनं उभ्या राहतात, शेत एकच पण प्रत्येकीचा पट्टा वेगळा, तसंच. पण जीसीसीला (हाच आमचा कंपायलर) एफओपनएमपी हा फ्लॅग, म्हणजे चालवताना द्यायचा पर्याय, दिला नाही तर ती ओळ नसल्यात जमा, तो सोडून पुढं जातो. वॉल (नेहमीच्या वॉर्निंग दाखवायला लावणारा) फ्लॅग असेल तर तसं सांगतो पण, प्राग्मा इग्नोर करतोय म्हणून. भाच्याने ती वॉर्निंगच बंद करून टाकलेली आणि फ्लॅग द्यायचा राहिलेला, म्हणजे एकटी बाई अख्खं शेत लावत होती! मुद्दाम एका कोरवर चालवून उत्तर ताडून बघायचं असेल (ते बघावंच) तर ही वॉर्निंग खरंच फुकटची, त्या बिल्डपुरती खुशाल बंद करा.

फ्लॅग दिला, वेळ उतरला, आणि दुसरी वॉर्निंग आली, शेवटच्या दिवसाचा आकडा कदाचित किंमत न देताच वापरलाय म्हणून. भाचा म्हणाला, दर फेरीला किंमत देतोय की, लास्टप्रायव्हेट पण लावलंय! (लास्टप्रायव्हेट म्हणजे शेवटच्या फेरीतली किंमत लूपबाहेर आणायची सूचना.) त्याचंही बरोबर होतं. पण जीसीसी पॅरलल लूपचा भाग कापून वेगळं फंक्शन करतो, व्हेरिएबल्स एका स्ट्रक्चरमधून आतबाहेर जातात, त्यात किंमत कुठून आली याचा माग सुटू शकतो. आणि कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही हे दरवेळी हमखास सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही हे ट्युरिंगने 1936 मध्येच दाखवलंय, त्यामुळे प्रोग्राम कुठल्या वाटेनं जाईल हेही कंपायलरला दरवेळी नक्की सांगता येत नाही, काही ठिकाणी अंदाजच करावा लागतो.

मी विचारलं, फाइल रिकामी आली तर? लूप एकदाही फिरणार नाही, मग त्या आकड्यात काय असणार? भाचा गप्प. म्हणजे वॉर्निंग अर्धी खरीच होती.

बरेच जण अशा वेळी डोळे मिटून व्हेरिएबलला सुरुवातीलाच शून्य किंमत देऊन टाकतात. मला ते पटत नाही, कारण पुढं एखाद्या वाटेत खरंच किंमत द्यायची राहिली तर कंपायलर काही बोलणार नाही आणि चुकीचं उत्तर गुपचूप बाहेर पडेल. शिवाय व्हेरिएबल प्रायव्हेट (प्रत्येक थ्रेडची, म्हणजे वाटून दिलेल्या कामाच्या धाग्याची, वेगळी कॉपी) असेल तर बाहेरचं शून्य आत पोचतच नाही, ती कॉपी कोरीच असते, बाहेरची किंमत आत न्यायला फर्स्टप्रायव्हेट लागतं.

आम्ही आधी फाइलमधल्या ओळी शून्य असतील तर तिथंच बाहेर पडायची तपासणी घातली. तरी वॉर्निंग राहिली, मग ती ज्या ओळीचा नंबर दाखवत होती तेवढ्याच ओळीभोवती डायग्नोस्टिक पुश आणि पॉप (वॉर्निंगची सेटिंग तात्पुरती बदलून परत आणणाऱ्या सूचना) लावून ती एकच दाबली, जीसीसी 4.6 पासून ही सोय आहे. वर भाच्याने कॉमेंट टाकली: रिकामी फाइल वर तपासलीय, म्हणून इथं बंद. बाकी सगळ्या फाइलींना वॉल चालूच ठेवलंय.