लीनता (ख्रिस्ती श्रद्धा)

लीनता, कोणी नम्रता म्हणतं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेत देवापुढं आपली खरी जागा ओळखून राहणं आणि जे आपल्याच्यानं होत नाही त्यासाठी त्याच्याकडं मदत मागणं. मराठी पवित्र शास्त्रात लीन, नम्र, दीन, सौम्य असे शब्द येतात, पण सोलापूरच्या मंडळींमध्ये प्रार्थनेत सगळ्यात जास्त कानावर पडतो तो लीन, 'प्रभू, आम्ही लीन होऊन तुझ्यापुढं येतो' अशीच सुरुवात असते. हळू बोलणं, मान खाली घालून बसणं, 'मी काय, मी कुणीच नाही' म्हणत राहणं, याला बरेच जण लीनता समजतात, पण तो स्वभाव झाला किंवा सवय झाली. खरी अडचण मागण्यात आहे.

हे बायबलमधल्या, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात अगदी स्पष्ट दिसतं. ५व्या अध्यायात देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा असं सांगून लगेच तुमची सगळी चिंता त्याच्यावर टाका असं म्हटलंय. मराठीत वाचताना या दोन वेगळ्या आज्ञा वाटतात, मूळ ग्रीकमध्ये मात्र ते एकच वाक्य आहे, चिंता टाकत टाकत लीन व्हा असं काहीसं. म्हणजे जो आपलं ओझं एकटाच वाहतो, कुणाला सांगत नाही, देवालाही नाही, तो कितीही साधा राहिला तरी अजून लीन झालेला नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातली परूशी (धर्मनियम कडक पाळणारा यहूदी) आणि जकातदाराची (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी) गोष्ट पण हीच आहे, परूशी आभार मानतो, उपास सांगतो, दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देतो ते सांगतो, पण मागत काहीच नाही, आणि जकातदार लांब उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर'. नीतिमान ठरून घरी कोण गेला, तर जकातदार.

जुन्या ग्रीक-रोमन जगात लीन या अर्थाचा शब्द बहुतेक वेळा हलक्या, गुलामी वृत्तीच्या माणसासाठी वापरायचे, त्याला सद्गुण म्हणून मान मिळाला तो मुख्यतः ख्रिस्ती शिकवणीमुळं. कारण ख्रिस्त स्वतः. फिलिप्पैकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात लिहिलंय की त्यानं स्वतःला लीन केलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत. योहानाच्या १३व्या अध्यायात तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. आपल्याकडं पाहुणा आला की दारात तांब्याभर पाणी देतात, पण पाय तो स्वतः धुतो, यजमान वाकत नाही, म्हणून हा प्रसंग इथल्या माणसाला लगेच कळतो. त्यात पेत्र म्हणतो, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. मला वाटतं या प्रसंगात शिकायचं ते पेत्राकडून आहे, दुसऱ्याचे पाय धुणं जमेल एखाद्याला, पण आपले पाय धुऊन घेणं फार जड जातं. कॅथलिक चर्चमध्ये पुण्य गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पाय धुण्याचा विधी होतो, २०१६पासून त्यात बायकांनाही घेता येतं.

सोलापुरात ही गोष्ट बघायची तर घरगुती प्रार्थनेत बघावी. पॉवरलूमच्या भागात, एका खोलीत, चप्पल बाहेर, खाली सोलापुरी चादर अंथरलेली, बाया दिवसभर विड्या वळून आलेल्या, बोटांना तंबाखूचा वास तसाच, मराठीत सुरू झालेली प्रार्थना कोणी तेलुगूत पुढं नेतं आणि कोणाला काही वाटत नाही. गाणं झालं की पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, विचारतात, कोणाची काही विनंती? मग जरा वेळ शांत. सगळ्यांना सगळ्यांचं माहिती असतं तरी पहिलं तोंड उघडणं अवघड असतं. मग एखादी मावशी म्हणते, 'पोराचं काम सुटलंय पाळकसाहेब, घरात कुणाला सांगितलं नाही, प्रार्थनेत आठवण ठेवा,' आणि ती बोलली की पाठोपाठ तीन-चार जण बोलतात. त्या दोन मिनिटांच्या शांततेत जे मोडतं ना, त्यालाच शास्त्र लीनता म्हणतं.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात एकोणिसाव्या शतकात आलं आणि या सगळ्या पट्ट्यात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये दलित समाजातली माणसं खूप होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावानं वाकायला लावलं त्यांना उठून लीन व्हा सांगणं म्हणजे काय, याचा विचार प्रवचन करणाऱ्यानं करायला हवा. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला नम्र राहा सांगणं तर सरळ चूक आहे, ते शास्त्राच्या नावावर खपवू नये. फिलिप्पैकरांसमध्ये वाकतो तो वरचा, आणि लूकच्या पहिल्या अध्यायात येशूची आई मरीया गाते की देवानं अधिपतींना राजासनांवरून ओढून काढलं आणि दीनांस उंच केलं. लीनता देवापुढं असते, दाबणाऱ्यापुढं नाही.

मदत मागायची जुनी रीत म्हणजे ७०व्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा, मला साहाय्य करायला त्वरा कर, एवढीच. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी जॉन कॅसियन या ख्रिस्ती साधूंनी ही ओळ दिवसभर मनात घोळवायला सांगितली होती, खाताना, झोपताना, मोह आला तरी, आणि मठांच्या प्रार्थना आजही तिनंच सुरू होतात. संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमात ७वा अध्याय सगळा लीनतेवर आहे, तिच्या १२ पायऱ्या दिल्यात.

मागितलं की मिळतंच असं नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा कसलासा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा तसाच राहिला, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. आणि मदत माणसांच्या हातूनही येते, त्यामुळं प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात. जुन्या करारातला नामान सेनापती कोडानं आजारी होता, अलीशा संदेष्ट्यानं यार्देन नदीत सात वेळा बुडी मार असा निरोप दिल्यावर त्याला राग आला, आमच्या दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) नद्या काय वाईट आहेत म्हणून तो माघारी निघाला होता. त्याला समजावलं ते त्याच्याच नोकरांनी, आणि त्यांचं ऐकून तो पाण्यात उतरला.