पॉपॉ म्हणजे पपई नाही बाप्पा

भावाने ऑनलाईन 'पॉपॉ'ची बी मागवली, पपईच समजून. कागदाच्या पाकिटात खडखडीत वाळलेली बी आली, मे महिन्यात कुंडीत टाकली, दिवाळी आली तरी काहीच नाही. आई म्हणे, काहून रे, पपई तर उकिरड्यावरही उगवते!

घोळ नावाचा आहे. ऑस्ट्रेलियात पपईलाच पॉपॉ म्हणतात, पण ही बी अमेरिकेतल्या असिमिना ट्रायलोबाची, म्हणजे आपल्या सीताफळाच्या कुळातली. सीताफळाची बी उभी चिरून बघा, आत पांढरा टणक गर, त्यात तपकिरी रेघा, आणि खरा गर्भ एका टोकाला तांदळाच्या कणीएवढा. पॉपॉचंही तसंच, फक्त बी मोठी आणि चपटी.

आता मजा बघा. तिकडे फळ पिकतं ऑगस्ट-सप्टेंबरात, बी लगेच उगवली तर रोप पुढच्या बर्फात मरेल, म्हणून बी आधी हिवाळा 'मोजते'. बीतली दोन संप्रेरकं, अब्सिसिक ॲसिड हा उगवणीचा ब्रेक, जिबरेलिन हा ॲक्सिलरेटर, आणि ओलसर थंडीत तीनेक महिने राहिलं की ढोबळमानाने ब्रेक सुटत जातो. ओलसर हे महत्त्वाचं, कारण वाळली की ही बी मरतेच, आमची तशीच गेली. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा कधी ८ वर येतो पण दुपारी परत २८, तेवढ्याने हिशोब पुरा होत नाही. म्हणून ताजी बी ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), झिपलॉकमध्ये, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात १०० दिवस. रोहिणी नक्षत्र बघून पेरली तर काय फरक पडतो असं विचारणाऱ्या काकांना मी फ्रिजच दाखवते.

फ्रिजमधून काढून पेरली तरी घाई नको. आधी सोटमूळ वीतभर खाली जातं, बीजपत्रं बीतच राहतात, आणि वर कोंब दिसायला दोनेक महिने लागतात. लोक तोवर कंटाळून उकरून बघतात, मूळ मोडतं, खेळ खलास. मुळं मांसल असतात, त्यांच्यावरचे पाणी शोषणारे बारीक केस, म्हणजे मूलरोम, कमी, त्यामुळे मोडलेलं पटकन भरून येत नाही. म्हणून फूटभरापेक्षा खोल पिशवी, आणि लावताना मातीचा गोळा न फोडता अलगद खड्ड्यात. आपली काळी माती मे मध्ये भेगाळते तेव्हा कोवळी मुळं चक्क तुटतात, तर खड्ड्यात वाळू-शेणखत भरपूर मिसळा, लावणी पावसाळ्यातच करा आणि पहिली दोन वर्षं सावलीला हिरवी नेट.

पानांच्या चहाने कॅन्सर बरा होतो हे लक्ष्मणफळाबद्दल फिरणारं फॉरवर्ड पॉपॉच्या नावानेही येईल, कूळ एकच ना. ह्या कुळातलं ॲनोनासिन नावाचं रसायन मेंदूच्या पेशींना विषारी असल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय, तेवढं आईला सांगितलं. ती म्हणाली, मग सीताफळच लाव ना, त्याला फ्रिज तर लागत नाही.