मॅगी वॉकर यांची बँक आणि ‘पहिली’ या शब्दाचा घोळ

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये, ब्रॉड स्ट्रीट आणि ॲडम्स स्ट्रीटच्या नाक्यावर, बँक काढणाऱ्या कृष्णवर्णीय बाई मॅगी लीना वॉकर यांचा १० फुटी ब्राँझचा पुतळा आहे. हातात चेकबुक. १५ जुलै २०१७ रोजी त्याचे अनावरण झाले. त्याआधी गावात वाद रंगला तो बाईंच्या कामावरून नव्हे, तर त्या जागेवरच्या ओकच्या झाडावरून. झाड राखावे असे काहींचे म्हणणे होते, तर पुतळा झाकला जाईल असे इतरांचे. शेवटी झाड गेले. अखेरच्या वर्षांत बाई व्हीलचेअरवर होत्या. ती दाखवावी की नाही, यावरही चर्चा झाली. दाखवली नाही.

त्या दिवसांत ‘अमेरिकेची पहिली महिला बँक अध्यक्ष’ हे बिरुद पुन्हा सगळीकडे फिरले. ते जसेच्या तसे खरे नाही. १८८० च्या दशकात आयोवा राज्यात एका विधवेने नवऱ्यामागे बँकेचे अध्यक्षपद सांभाळले होते, आणि अशी ती एकटीच नव्हती. म्हणून जाणकार शब्द जपून वापरतात: बँकेची सनद, म्हणजे सरकारी परवाना, मिळवून तिच्या अध्यक्ष झालेल्या पहिल्या बाई. पण सनदही काही एकट्याच्या नावाने मिळत नाही. अर्जावर अनेकांची नावे असतात. मग मागे उरते काय? बाकीच्यांना बँक वारशाने आली, वॉकर यांनी ती नव्याने उभी केली. माझ्या मते हा फरक ‘पहिली’पेक्षा कितीतरी मोठा आहे, पण कोनशिलेवर मावत नाही. शिवाय ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द जोडला की तेवढ्यापुरते विधान निर्धोक होते आणि बाईंचे काम एका कोपऱ्यात ढकलले जाते. जोडला नाही की आयोवाची विधवा आडवी येते.

ही बँक निघाली ती मर्तिकाच्या फंडातून. आजारपण आणि अंत्यविधीचा खर्च उचलणारी कृष्णवर्णीयांची एक परस्पर साहाय्य संस्था होती. १८९९ मध्ये वॉकर तिच्या प्रमुख झाल्या तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि डोक्यावर सुमारे ४०० डॉलरचे देणे. त्यांची आई धुणी धुऊन घर चालवायची. पैसा कोणत्या घरांतून, किती बारीक नाण्यांनी येतो हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. हिशेबाची रीत मात्र त्यांनी शहरातल्या गोऱ्यांच्या एका बँकेत बसून शिकून घेतली. निकेलचे, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यांचे, डॉलर करणारी बँक हवी, असे त्या १९०१ पासून सांगत होत्या. १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली आणि पहिल्याच दिवशी ९,००० डॉलरहून अधिक रक्कम जमली.

वॉकर यांनी दोन वर्षांनी काढलेले दुकान मात्र चालले नाही. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक माल देणाऱ्यांवर दबाव आणला, हे खरे. आपलीच माणसे गोऱ्यांच्या दुकानात जातात, याबद्दल बाईंनी भर सभेत कान उपटले होते, हेही तितकेच खरे; गौरवलेखांत हे दुसरे सहसा येत नाही.

१९१० मध्ये शहरातल्या दुसऱ्या एका परस्पर साहाय्य संस्थेची बँक बुडाली आणि राज्याने अशा संस्थांना बँकांपासून वेगळे व्हायला लावले. वॉकर यांची बँक फंडापासून सुटी झाली, नाव बदलले, आणि ती टिकली. १९२० पर्यंत ६०० हून अधिक घरांना तिने कर्ज दिले होते. मंदी आली तेव्हा १९३० मध्ये गावातल्या इतर कृष्णवर्णीय बँकांशी विलीनीकरण झाले आणि बाई संचालक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. १९३४ मध्ये त्या वारल्या.

रिचमंडमधल्या कृष्णवर्णीयांच्या ज्या जॅक्सन वॉर्ड या वस्तीत हे सगळे घडले, त्याच्या मधूनच १९५० च्या दशकात महामार्ग काढला गेला. ली स्ट्रीटवरचे वॉकर यांचे घर वाचले, १९७८ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. बँक २००५ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या मालकीची राहिली. मग ती राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका बँक समूहाने घेतली. त्या समूहाची बँक मुळात महिलांची बँक म्हणून सुरू झालेली. चार वर्षांनी तो समूहही विकला गेला. २०११ मध्ये रिचमंडच्या शाखेवरची जुनी पाटी उतरली आणि नव्या मालकाच्या नावाची लागली.