श्राव्य व्हेरिओमीटर
ग्लायडर किंवा पॅराग्लायडर चढत आहे की उतरत आहे, आणि किती वेगाने, हे वैमानिकाला आवाजातून कळवणारे उपकरण. चढताना तुटक स्वर ऐकू येतो. चढ जसजसा वाढेल तसतसा स्वर उंचावतो आणि त्याचे ठोके जलद होतात. उतरताना बहुधा खालच्या पट्टीतला अखंड स्वर लागतो.

इंजिन नसलेल्या ग्लायडरला उंची मिळते ती मुख्यतः तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेमुळे. वैमानिक तिला ‘थर्मल’ म्हणतात. खानदेशात चैत्र-वैशाखात तापीच्या खोऱ्यातील नांगरून ठेवलेली काळी शेते भाजून निघतात, तर रावेर-यावलकडच्या ओलिताच्या केळीबागा त्या मानाने थंड राहतात. अशा कोरड्या शेतावरून उठणारी हवा धुळीमुळे वावटळीच्या रूपात दिसते. धूळ नसली तर ती डोळ्यांना दिसत नाही, पंख न हलवता घिरट्या घालणाऱ्या घारीवरून तेवढी ओळखता येते. माणसाच्या शरीराला वेगातील बदल जाणवतो, एकसारखा वेग जाणवत नाही. त्यामुळे थर्मलमध्ये शिरतानाचा हिसका कळला, तरी पुढे सेकंदाला २ मीटर चढत राहणे आणि त्याच उंचीवर असणे यांतला फरक शरीर सांगू शकत नाही.

उपकरण हा फरक हवेच्या दाबावरून ओळखते. जमिनीलगत सुमारे ८ मीटर चढल्यावर दाब १ हेक्टोपास्कलने घटतो, म्हणजे मोजायचा बदल अगदी सूक्ष्म असतो. जुन्या रचनेत थर्मासासारख्या बाटलीत येणारी-जाणारी हवा मोजली जाई; आता इलेक्ट्रॉनिक दाबसंवेदक वापरतात.

हेच माप काटाही दाखवतो. पण एकाच थर्मलमध्ये अनेक ग्लायडर घिरट्या घालत असताना नजर तबकडीवर खिळवणे धोक्याचे असते, आणि आवाजाचे खरे मोल तेथेच आहे.

मात्र स्वर फसवूही शकतो. नियंत्रणाची दांडी मागे ओढली की ग्लायडर वेग खर्चून उंची मिळवतो आणि हवा स्थिर असतानाही उपकरण चढाचा स्वर काढते. हा दोष घालवण्यासाठी शेपटीवर बसवलेली विशिष्ट नळी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात दाब कमी करते, त्यामुळे वेगाचे उंचीत झालेले रूपांतर हिशेबातून वगळले जाते. विलंबाचा दोष मात्र यानेही जात नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाने ४५ अंश कललेला ग्लायडर सुमारे १६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. अशा वेळी एका सेकंदाने उशिरा आलेला स्वर २५ मीटर मागे पडलेल्या हवेविषयी बोलत असतो.