विचार आले म्हणजे ध्यान फसलं असं नाही

नर्सेसच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं एक संदेश फिरतो: 'माइंडफुलनेस म्हणजे मन कोरं करणं, विचार आले की ध्यान फसलं.' नाइट ड्यूटी करून आलेल्या सिस्टरला ते वाचून वाटतं, हे आपल्याला जमणारं नाही. समजूत स्वाभाविक आहे. ध्यान म्हटलं की डोळ्यांपुढे निश्चल बसलेला योगीच येतो.

रुग्णालयांत शिकवतात ती माइंडफुलनेसची, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याची, पद्धत वेगळी आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत जुनाट दुखणं सोसणाऱ्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू झाला, पुढे ८ आठवड्यांचा म्हणून रुळलेला. आजचे अनेक वर्ग त्यावरच बेतलेले. त्यातली सूचना साधी: लक्ष श्वासावर ठेवा, भरकटलं की ओळखा, परत आणा. म्हणजे भरकटणं सरावातच धरलेलं आहे. चिंतेत मन 'पाच नंबरचं सलाईन संपलं असेल का?' इथून थेट 'माझ्या हातून चूक झाली तर?' इथवर पळतं. ते पळालंय हे वेळीच कळणं, एवढंच शिकायचं असतं.

स्वतः पडताळून बघा. हाताला सॅनिटायझर चोळायला २० ते ३० सेकंद लागतातच. तेवढा वेळ त्याचा गारवा, बोटांच्या बेचक्यांतला ओलावा जाणवू द्या. विचार येतीलच. त्यांच्यामागे गेल्याचं लक्षात आलं, की सराव झाला.

एक मात्र कळकळीने सांगते. याने काळजी हलकी होऊ शकते, पण वॉर्डातला स्टाफ वाढत नाही; ती मागणी वरिष्ठांपुढे मांडावीच लागते. आणि झोप उडाली, छाती सारखी धडधडत राहिली, तर डॉक्टरांना दाखवा.