कंदील, नाक आणि काळी पडलेली नाणी

विहिरीतला गाळ काढायला उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. कंदील विझला तर उतरायचं नाही. साध्या विहिरीला ही परीक्षा ठीक आहे. शौचालयाची टाकी, ड्रेनेजचं चेंबर किंवा डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा हौद असेल, तर तीच घात करते. तिथं असतो हायड्रोजन सल्फाइड. हवेत हजारात एक भाग झाला तरी माणूस एकदोन श्वासांत कोसळतो, पण तेवढ्यानं कंदिलाची ज्योत हलतसुद्धा नाही. आणि प्रमाण चार-साडेचार टक्क्यांवर गेलं, तर भडका उडवायला तोच कंदील पुरतो.

मग नाकावर विसंबावं? सडक्या अंड्याचा हा वास अगदी थोडा असला तरी कळतो; गोबरगॅसची नळी सैल झाली की घरात आधी तोच येतो. पण दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास गेला की वासाची जाणीवच मरते. ‘आता वास येईना, उतर’ असं वरून सांगितलं जातं, ते नेमकं या वेळी.

हे दुखणं आजचं नाही. इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. घरचा शौचकूप उपसणारा माणूस इतकी घाई का करतोय, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, चार तासांच्या वर इथं थांबलं तर डोळे जातील. कामकऱ्यांच्या आजारांवरच्या त्यांच्या १७०० सालच्या ग्रंथात ही हकिगत आहे, आणि या लोकांच्या खिशातली तांब्या-चांदीची नाणी काळी पडतात हेही. घामानं आणि हवेनं आपल्याकडची जोडवी काळवंडतात, तीही गंधकाचीच करणी. नाकापेक्षा ते नाणं खरं बोलत होतं. स्वीडनच्या कार्ल शेले यांनी या वायूची रासायनिक ओळख पटवली, ती १७७७ च्या सुमारास.

जिथं हवा पोचत नाही तिथले जिवाणू मैल्यातल्या, मळीच्या पाण्यातल्या गंधकापासून हा वायू करतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. बराचसा गाळातच अडकलेला असतो आणि बांबूनं ढवळलं की एकदम सुटतो. झाकण दोन तास उघडं ठेवून भागत नाही, ते यामुळंच.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात शौचालयाची टाकी साफ करताना पाच जण गेले. अशा ठिकाणी बहुतेक वेळा दुसरा पहिल्याला काढायला उतरतो, तिसरा दुसऱ्याला. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानंच बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली.

पण हा कायदा सफाई करणाऱ्यांचा. मार्च २०१९ मध्ये औरंगाबादजवळ सुखना नदीकाठच्या ड्रेनेज चेंबरमध्ये जीव गेले ते शेतकऱ्यांचे. दुष्काळ होता, आणि गटाराचं पाणी मोटारीनं ओढून ते पिकाला देत होते.